कुलपाचा बिट

४ नोव्हेंबर, सोमवार. कारागांडा
नोकरी लागली, आणि तीही साकेनच्या शेजारी! साकेन माझा धाकटा भाऊ; गेल्या हिवाळ्यात कोळशाच्या खाणीत दबून गेला. त्याच्या फोनवरच्या गप्पा आणि खाणीतल्या वायरलेसवरचे शेवटचे तास भरून या कंपनीनं त्याला संगणकातल्या एका आभासी यंत्रात ठेवलंय. दर शुक्रवारी आई येते, गेलेल्यांच्या नावानं सात शेल्पेक पुऱ्या इथल्याच स्वयंपाकघरात तळते आणि पडद्यावर त्याच्याशी बोलते. तो हसतो, तिची खोड काढतो. आमचे साहेब, येरझात (मानानं सगळे त्यांना आगाय म्हणतात), म्हणाले, पोरी, त्याची मेमरी कुलूपबंद आहे, आत काय चाललंय ते मलाही दिसत नाही. किती सभ्य माणसं!

६ नोव्हेंबर
काम समजलं. मेमरीतल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो. पत्त्यातला एक बिट कुलपाची खूण म्हणून राखायचा, म्हणून आतल्या यंत्राला पत्त्याची लांबी कमीच सांगायची. खालच्या खऱ्या यंत्राचा आकडा तसाच दिला, तर ते कुलपाचा बिटही पत्त्यात खर्चून टाकतं आणि मेमरीची पानं उघडी पडतात. आगायांनी चहात दूध ओतता ओतता हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१४ नोव्हेंबर
साकेनचं यंत्र रखडत होतं. लाडक्या भावाला ऐसपैस जागा दिली. घाईत पत्त्याच्या लांबीचा आकडा खऱ्या यंत्राचाच उतरवला. उद्या बघते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
पानं उघडी पडलीत. वाचता येतात. आई हसत घरी गेली, त्यानंतरचं आहे सगळं. ‘वर कोणी आहे का? छातीवर दगड आहे.’ पानंच्या पानं हेच. शुक्रवारचं गोड बोलणं कंपनी चाळून बाहेर सोडते. उरलेला आठवडा तो तिथेच, खाली.

१८ नोव्हेंबर
आगायांना दाखवलं. म्हणाले, इथे ठेवलेले सगळेच ओरडतात गं. कुलूप चोरांसाठी नसतं, आपल्या कानांसाठी असतं. यंत्र कायमचं बंद करायचं तर आईनं हो म्हणायला हवं. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

१९ नोव्हेंबर
उघड्या पानावर लिहिलं — मी आहे, ताई. सोडवते तुला.
उत्तर आलं. ‘लवकर.’

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
आईला सगळं वाचून दाखवलं. ती तेलाचे हात पुसत राहिली. म्हणाली, माझ्याशी हसतो ना? मग कुलूप लाव परत. म्हटलं, आई, त्याला दुखतंय. म्हणाली, मला नाही का दुखत? एकदा पुरलाय. पुन्हा नाही पुरणार.

आई मागे उभी आहे. कुलपासाठी आकडा एकानं कमी केलाय — बटण तेवढं दाबायचंय — तिनं माझं बोट धरलंय. पान अजून उघडं — तो लिहितोय — उतरून घेते —
‘ताई, दगड हलला! तूच ना? हात दे, मी इथे—