इकडे सर्व क्षेम नाही

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

पुढची ओळ गाळली आहे. विसरून नाही, मुद्दाम. पत्राची दुसरी ओळ कुठली असते ते मला तूच शिकवलंस, आणि त्याच ओळीने माझं पार वाटोळं केलं, म्हणून यापुढे ती लिहायची नाही अशी घरात बंदी झाली आहे. तू आणि भावोजी बरे असाल. भावोजींचा गुडघा, तुझं पित्त आणि तुमच्या शेजारणीचं तोंड, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. अक्षर बघून दचकू नकोस. ते तुझ्या भावजयीचं आहे. मी खुर्चीत आरामात बसून सांगतोय आणि ती टेबलाशी बसून लिहितेय. मध्ये कंसात काही दिसलं तर ते तिचं समज, माझ्या तोंडचं नव्हे. (ते खुर्चीत बसलेले नाहीत. माझ्या मागे उभे राहून मी काय लिहिते ते बघताहेत.)

फोन सोडून हे पत्र कसलं काढलंस, असं तू म्हणशील. त्याचं असं आहे, की फोनवर तू पहिल्या झटक्यात विचारतेस, काय रे, कसा आहेस, आणि माझ्या तोंडून "मजेत" निघून जातं. मी काही ठरवून म्हणत नाही. उभा जन्म सलूनमध्ये गेला. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की तेही हेच विचारतं, आणि त्याला खरं उत्तर नको असतं. गळ्याशी टॉवेल बांधलेला माणूस स्वतःची दुखणी सांगायला आलेला असतो, आपली ऐकायला नाही. तेव्हा मी मजेत, धंदा मजेत, पाऊसपाणी मजेत. ती सवय जिभेला अशी चिकटली आहे की परवा दाराच्या फटीत बोट चेमटलं तेव्हासुद्धा शेजाऱ्याने विचारल्यावर मी मजेत होतो. म्हणून पत्र. इथे तू मध्येच काही विचारू शकत नाहीस.

तर अक्का, माझा उजवा हात थरथरतो. (हे एवढं वाक्य सांगायला यांना सकाळपासून तीन कप चहा लागला.) थोडासा नाही, चांगलाच. दोन वर्षं होत आली. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा बरा होण्यातला नाही, सांभाळण्यातला आहे, असंही सांगितलं. सुरुवातीला मी मानायलाच तयार नव्हतो. कात्री जुनी झाली म्हणून नवी आणली, मग नवी जड आहे म्हणून जुनी काढली. शाळेतले ड्रॉइंगमास्तर मिशी कोरायला आले, तेव्हा डावी बाजू जरा जास्त गेली म्हणून उजवी थोडी घेतली, मग उजवी जास्त गेली म्हणून डावी, असं करत करत आम्ही दोघे मिशीच्या शेवटापर्यंत पोचलो. मास्तर भला माणूस. आरशात बघून म्हणाले, बायको कधीपासून काढा म्हणत होती. पुन्हा काही ते फिरकले नाहीत.

पण दुकान बंद झालं ते मिशीमुळे नव्हे. माझा एक म्हातारा गिऱ्हाईक होता, दाढीचा फेस लागला की डोळे मिटायचा आणि पाणी मारेपर्यंत घोरायचा. त्याचा माझ्यावर होता एवढा भरवसा स्वतःच्या सुनेवरही नसेल. त्या दिवशी त्याचा एक गाल झाला, मान वर केली, वस्तरा गळ्यापाशी नेला आणि हात ऐकेना. तो झोपलेला, आणि मी वस्तरा धरून उभा. अक्का, मी इतका कधी घाबरलो नव्हतो. वस्तरा मिटून ठेवला, त्याला हलवून उठवलं आणि नळाचं पाणी गेलंय असं सांगितलं. नळ मागे धो धो वाहत होता. तो बिचारा अर्ध्या तोंडाला फेस घेऊन समोरच्या सलूनमध्ये गेला, आणि मी शटर ओढलं. ते अजून ओढलेलंच आहे.

तुला यातलं काही कळू दिलं नाही. भावोजींच्या निरोप समारंभाला आलो तेव्हा उजवा हात दिवसभर खिशात होता. तू पाहुण्यांदेखत म्हणालीस, साहेबासारखा उभा काय राहतोस, चहाचे ट्रे तरी उचल. मी हसलो आणि उभाच राहिलो. नंतर तू चार दिवस माझ्याशी तोडून बोललीस. ते मला लागलं होतं, पण ट्रे उचलला असता तर भावोजींचा सत्कार चहानेच झाला असता.

आता मुख्य कहाणी. आजारामुळे ज्याला काम करता येत नाही त्याला सरकारी भत्ता मिळतो, हे तुझ्या भावजयीने शोधून काढलं. ती सध्या एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, दिवसभर उभ्याने. मी अर्जाला तयार नव्हतो. धडधाकट दिसणाऱ्या माणसाने हात पसरायचा म्हणजे काय, आणि तोही थरथरता. पण संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या चपलेचा पट्टा सुजेत रुतलेला पाहिला आणि गप बसून फॉर्म पुढे ओढला. फॉर्ममध्ये सगळं ठीक होतं. शेवटी मात्र लिहिलं होतं, आपली सद्यःस्थिती वेगळ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत कळवावी.

वेगळा कागद म्हणजे पत्र. आणि पत्र म्हटलं की मला तूच आठवतेस, हातात पट्टी घेतलेली. पत्र कुणालाही असो, आधी नमस्कार, मग आपली खुशाली, मग त्यांची चौकशी, मग काम. नुसतं काम लिहितात ते हावरट, हे तू माझ्या बोटांवर कोरून ठेवलंस. मी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरत, दोन दिवस खपून, कचेरीला लिहिलं: साहेबांना सप्रेम नमस्कार, इकडे सर्व क्षेम आहे, तिकडे आपण व आपले कुटुंबीय खुशाल असाल. मग पुढे हाताचं. (मी वाचायला मागितलं होतं. दिलं नाही. पाकीट चिकटवून टाकलं होतं.) कचेरीचं उत्तर आलं, ते जसंच्या तसं सांगतो, कारण मला ते आता पाठ आहे: अर्जदाराने आपले सर्व क्षेम असल्याचे स्वतःच नमूद केले असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. कुटुंबीयांच्या चौकशीबद्दल आभाराचा शब्द नाही.

तुझी भावजय त्या दिवशी आधी रडली, मग इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं, आणि ते मी सांडलं.

मग फेरअर्ज केला, आणि त्यांच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. इथे दुसरी चूक झाली, आणि ती मात्र तुझ्यावर ढकलता येत नाही. तपासणीला जायचं म्हणून हिने माझी दाढी केली. हो, हल्ली माझी दाढी हीच करते. (गेलं वर्षभर. एकदाही कापलेलं नाही.) आतली खोली छोटी, डॉक्टर तरुण, समोर वाढलेला कागदांचा ढीग. ही बाहेरच्या बाकावर, कारण आत एकालाच सोडतात. डॉक्टरांनी नजर वर न करता विचारलं, कसे आहात. मी मजेत. मग म्हणाले, हात पुढे करा. केला. तो थरथरायला लागला, तशी त्यांची नजर त्याच्यावर खिळली. माणूस अवघडला असेल असं वाटून मीच म्हणालो, तुमच्या खोलीत जरा गारवा आहे. ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. मग विचारलं, दाढी कोण करतं? आता अक्का, तू सांग. ज्या माणसाच्या हाताखालून निम्मं गाव गेलं, त्याने परक्या माणसासमोर कसं सांगावं की आपली दाढी बायको करते? मी म्हणालो, दुसरं कोण करणार. त्यांनी वाकून माझा गाल नीट पाहिला आणि म्हणाले, फारच सफाई आहे हो. हे ऐकून मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. अहवालात लिहून आलं: स्वतः गुळगुळीत दाढी करतो.

पुन्हा नकार. आता एकच दार उघडं आहे, शेवटची सुनावणी. ती हुकली की फाईल कायमची बंद, आणि मग तुझी भावजय म्हणते की ती लाँड्रीत दुसरी पाळीही घेईल. तिचे पाय मी बघतो आहे. मला ते सहन होत नाही, हे एकदा नीट लिही. (लिहिलं.) कचेरीच्या खिडकीतल्या बाई मात्र मायाळू निघाल्या. दोन्ही कागद वाचून त्यांनी आधी तोंडावर पदर धरला, मग आम्हाला बाजूला बोलावून पुढे काय करायचं ते समजावलं, आणि मला बजावलं की सुनावणीत कुणी कसे आहात विचारलं तर दहा आकडे मोजायचे आणि मग तोंड उघडायचं. घरी सराव चालू आहे. ही अचानक कुठूनही विचारते, कालच न्हाणीघराच्या दारातून विचारलं. अजून "मजेत" आधी येतं आणि आकडे नंतर.

असो. भावोजींना नमस्कार. तुला त्रास नको म्हणून दोन वर्षं गप्प राहिलो, आणि आता सगळा त्रास एका पाकिटात घालून पाठवतोय. रागव, पण उत्तर दे.

तुझा भाऊ

ता. क. मुख्य काम राहिलंच. (राहिलं नव्हतं. धीर होत नव्हता.) घराबाहेरच्या जवळच्या नातेवाइकाने, हा माणूस पूर्वी कसा होता आणि आता कसा आहे, असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं असतं. तू लिहून दे. ट्रेची गोष्ट घाल, खिशातला हात घाल. आणि तुझ्या पाया पडतो, दुसऱ्या ओळीत खुशाली लिहू नकोस.

ता. क. दुसरा. अक्का, मी तुमची भावजय. हे चहा ठेवायला आत गेले आहेत, म्हणजे आता भांडी पडण्याचा आवाज येईपर्यंत वेळ आहे. ट्रेचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका, त्यांनीही घेतलेलं नाही. ते एक सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. चमच्यातलं सांडतं, म्हणून हल्ली ते भिंतीकडे तोंड करून जेवतात, मला दिसू नये म्हणून. मीही दिसत नाही असंच दाखवते. सुनावणीला तुम्ही स्वतः आलात तर बरं होईल. तुमच्यासमोर त्यांना मजेत म्हणता येणार नाही. आणि त्यांची दाढी करायला मला आवडतं, हे मात्र त्यांना कळू देऊ नका, लगेच चुका काढायला लागतील.

ता. क. तिसरा. ही ओळ मी लिहिली, माझ्या हाताने. वाचता आली नाही तर तुझ्या कागदाबरोबर कचेरीत जोड. वाचता आली तर कुणाला दाखवू नकोस, तुझ्यापाशीच ठेव.