प्लेको जेवत नाही, त्याबद्दल

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. नेहमीच्या निम्मेच पाठवते आहे, उरलेले तुझं पुढचं वागणं पाहून. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. सल्ले देऊन स्वतः लांब राहणाऱ्यांची असतेच. इकडचं विचारशील तर माझं डोकं सोडून सगळं ठिकाणावर आहे. फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू दर वाक्याला "हो ताई" म्हणतोस आणि मधेच ठेवून देतोस. (शिवाय फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत मोठ्याने बोलायची मला बंदी आहे. ती का, ते पुढे येईलच.)

बदली झाली तेव्हा तू तुझी माशांची टाकी आमच्या गळ्यात मारलीस. "भाऊजींचा वेळ जाईल," म्हणालास. तुझे भाऊजी छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले होते ते बसलेच होते. जन्मभर मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता घरात चुका काढण्याजोगं काही छापून येत नाही. (वर्तमानपत्र यायचं, पण त्याला लाल शाई पुरेना म्हणून तेही बंद केलं.) ताटातलं निम्मं तसंच परत यायचं, विचारलं तर "भूक नाही." मला काळजी वाटत होती, खोटं कशाला बोलू, आणि काळजी वाटली की मला राग येतो, हे तुझ्या पाठीला लहानपणापासून ठाऊक आहे.

टाकी आली तरी हे खुर्चीतच. काच हिरवीगार झाली. तुला सांगितलं तर म्हणालास, एक प्लेको मासा आणा, तो तोंड काचेला चिकटवून शेवाळ खात फिरतो, तुला हातसुद्धा लावायला नको. हे "हातसुद्धा लावायला नको" मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावणार आहे, म्हणजे तू आलास की त्याच्याखाली उभं करून तुला विचारता येईल.

आता ऐक. घरात नवा मासा येणार म्हणजे पाहुणाच येणार. पाहुणा येणार आणि काचेवर शेवाळ? आपल्या आईने असलं कधी चालवून घेतलं होतं? यांना बळेच मासा आणायला पिटाळलं आणि मी बाह्या सरसावल्या आणि टाकी आतून घासली, गोटेसुद्धा एकेक घासले. काच अशी लख्ख झाली की आत पाणी आहे की नाही, कळेना. हे पिशवीतला मासा घेऊन दारात आले, टाकीकडे बघत राहिले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलले. "अगं, तू त्याचं जेवण घासून टाकलंस."

मासा म्हणशील तर अंगभर ठिपके, पाठीला चिलखत, तोंड पोटाखाली, आणि एकंदर आविर्भाव असा की आपल्याला चुकीच्या घरी दिलंय. सोडल्याबरोबर तो पंपाच्या मागे जाऊन बसला, तो बाहेरच येईना. म्हणून त्याचं नाव जावईबापू पडलं. तळाशी बुडणाऱ्या खाण्याच्या गोळ्या टाकल्या, त्या बाकीच्या माशांनी मटकावल्या. काकडी टाकली, ती तरंगली. (काकडी तरंगते हे तुला माहीत होतं का? मग बोलला का नाहीस?)

मग हे आपणहून उठले. खुर्चीतून उठून पायांत चपला घालून मासेवाल्याकडे गेले आणि येताना सूचनांचं गाठोडं घेऊन आले. नवा मासा बावरलेला असतो, त्याला उजेड नको, धक्का नको, लपायला लाकूड हवं. काकडी जरा उकडून जड चमच्याच्या दांड्याला टोचून, दिवे मालवून ठेवायची आणि वाट बघायची. लाकूड माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात उकळलं, त्या पातेल्याला अजून जंगलाचा वास येतो. उजेड नको म्हणून दिवसाढवळ्या पडदे ओढले. त्या अंधारात मी शेजारच्या वकिलांच्या शिवायला आलेल्या पँटचा एक पाय बोटभर आखूड केला. वकील ती घालून कोर्टात गेले. आता ते मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत आणि दुसरी पँट घातली तरी डावीकडे कलून चालतात.

पुढे धक्क्याचं प्रकरण. माझं शिलाई मशीन टाकीला लागून. मशीन चाललं की पाणी थरथरतं, हे यांनी टाकीला कान लावून शोधून काढलं. झालं! मशीन स्वयंपाकघरात. आता मी गिऱ्हाइकांची मापं ओट्याशेजारी घेते. परवा एका बाईंची कंबर मोजताना टेप दुधाच्या पातेल्यात पडली. ज्या खोलीत बसून मी हा संसार शिवून काढला, तिथे मला चोरासारखं पावलं न वाजवता जावं लागतं, कारण आत जावईबापू रुळताहेत! आणि हे माझ्या कडेकडेने हिंडत काकड्या कापत असतात, उरलेली काकडी उभ्यानेच खातात, मग तिच्याबरोबर चार घास जेवूनही घेतात. माशांच्या खाण्याच्या डब्यावरच्या मजकुरात यांना चुका सापडल्या म्हणून कंपनीला पत्रही गेलं. रोज सकाळी टाकीत बघतात, काप जसाच्या तसा. तोंड उतरतं, आणि नवा उपाय शोधायला बाहेर पडतात.

तो मासा उपाशी मेला तर हे पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील. तसं झालं तर, धाकट्या, तू माझा भाऊ आहेस हे मी विसरून जाईन. सगळं तुझ्यामुळे.

सध्या नाइलाजाने तुझीच,
ताई

ता. क. मासा खातो. बरेच दिवस खातोय. एका सकाळी मी आधी उठले तर चमच्याला नुसती सालीची बांगडी उरलेली, आतलं सगळं खरवडून फस्त. मी आनंदाने यांना हाक मारणार होते. मग मनात आलं, मासा रुळला म्हणजे यांचं काम संपलं. बांगडी फेकून दिली आणि नवा काप टोचून ठेवला. तेव्हापासून रोज तेच करते. हसू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र खरं याचसाठी लिहिलं. हे रविवारी तुला फोन करतील. तेव्हा काळजीच्या सुरात सांग की प्लेको फार हळू रुळतो, काहींना तर वर्षही लागतं. तुला खोटं चांगलं जमतं, शाळेपासून बघते आहे.

ता. क. तिसरा, पाकीट चिकटवता चिकटवता. आज मला उठायला उशीर झाला. धावत टाकीपाशी गेले तर चमच्याला अख्खा, ताजा काप. माझा काप पातळ, वेडावाकडा असतो. हा पट्टी लावल्यासारखा सरळ, कडा साफ केलेला. केराच्या डब्यात पाहिलं तर जुन्या प्रुफाच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेली सालीची बांगडी. तेवढ्यात हे तोंड पाडून आले. म्हणाले, "आजही नाही गं खाल्लं त्याने." मी म्हटलं, "नाही ना." तर म्हणे, "स्टेशनापलीकडे एक मोठं दुकान आहे, तिथे विचारून बघू. तूही चल ना, तेवढंच फिरणं होईल." मी मशीनवर कापड घातलं आणि केस विंचरले. तेव्हा वर सांगितलेलं रद्द. फोनवर हे तुला जे बोलायला सांगतील ते बोल, आणि मला कळलंय हे यांना सांगितलंस तर तंगडं मोडीन. दारात चपला घालून उभे आहेत, थांबते.