आवडीच्या नावाची पाटी

प्रिय अनिल,

प्रिय लिहिलंय ते सवयीनं. फोन केला असता तर शिव्या घातल्या असत्या आणि तू नेहमीसारखा "ताई, रेंज नाय" म्हणून सुटला असतास. आता मुकाट्यानं वाच.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील ताईला धंद्यातलं काय कळतं. पाहुणे येतात, खोल्या भरतात. शेजारची सारिका आणि वाडीतल्या बायका चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापतात, कुळथाचं पिठलं करतात, त्यांच्या हातात चार पैसे खेळतात. सारिकाचा नवरा मुंबईची नोकरी सोडून परत आलाय, पाहुण्यांना कापडे गावाहून जीपनं आणतो. हे तू केलंस, मी नाकबूल करत नाही. शहरातली माणसं लावणीला चिखलात उतरतात, रोपं वाकडीतिकडी खुपसतात, आम्ही हसत हसत मागून नीट करतो. त्याचा मला राग नाही.

राग पॉइंटचा आहे. वर महाबळेश्वरला आहेत तसे आपल्याकडेही पॉइंट पाहिजेत, हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं तेव्हाच तुझा कान पिळायला हवा होता. धबधब्याला पॉइंट, टेकाडाला पॉइंट, गुरं बसतात त्या कातळाला सनसेट पॉइंट. लाव बाबा, लाव. पण खालच्या वाडीवर, जिथे डोंगर खाली आला, तिथे "दरड पॉइंट" अशी पाटी ठोकताना तुझा हात कसा झडला नाही रे? वर मोबाइलचं चित्र, म्हणजे फोटो इथे काढा! मनाची नाही तर जनाची तरी लाज बाळगायचीस. आपल्या धाकट्या बहिणीचं, आवडीचं, सासर होतं ते. त्या पावसाळ्यात नखं फुटेपर्यंत तू माती उपसलीस, पण ती सापडली नाही. अजून तिथेच आहे ती, आणि लोक तिच्या उरावर उभे राहून फोटो काढतात. परवा एका बाईनं पिठलं वाढून घेता घेता मला विचारलं, इथे नक्की किती माणसं गेली हो? मी वाढायचं सोडून उठले.

तू पाटी लावून मुंबईला गेलास. दुसऱ्या दिवशी आई काठी टेकत तिकडे निघाली, मी मागोमाग. पाटीसमोर उभी राहिली, अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही, म्हणूनच तर तुझं धाडस झालं. "काय लिवलाय गो अनिलनं?" तिनं विचारलं. काय सांगू? तोंडात आलं ते बोलून गेले, की आवडीचं नाव लिहिलंय. आई मटकन खाली बसली आणि रडली. म्हणाली, "माज्या लेकानं भैनीची आठवण ठेवली गो."

तेव्हापासून रोज सकाळी ती ओंजळभर अबोली पाटीखाली ठेवते, पदरानं पाटी पुसते. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी तोंड उघडत नाही. पाहुणे तिचेही फोटो काढतात. तिला वाटतं, ही माणसं आवडीसाठी आलीत. ती त्यांना हात जोडते. अनिल, आपली आई त्यांना हात जोडते रे! घरी चहाला बोलावते, आणि "माज्या लेकीच्या माणसांकडून पैसे घेऊ नको" म्हणून मला दटावते.

पाटी उखडून चुलीत घालायला मी कुदळ घेऊन गेलेही होते. पण खाली ताजी अबोली बघितली आणि परत फिरले. आईला काय सांगणार, तिच्या लेकीचं नाव कुठे गेलं? म्हणून हे पत्र. या शनिवारी पाहुण्यांच्या आधी तू ये. रंगाचा डबा आण. तो मेला पॉइंट तुझ्या हातानं पुसायचा आणि तुझ्याच हातानं तिथे आवडीचं नाव लिहायचं, ठळक. तोवर वाडीतली एकही चूल पाहुण्यांसाठी पेटणार नाही, तसं बायकांना सांगून ठेवलंय. सारिकानंही नाव लिहून दिलं असतं, पण मला नको. मी आईला सांगितलंय ते तूच लिहिलंस म्हणून, तेव्हा ते तूच लिहायचंस. आईला मी त्या दिवशी गजरे करायला बसवते, तेवढ्यात रंग वाळेल.

तुझीच, अजून तरी,
दर्शनाताई