रुसव्याचं बी

आई, यंदा खालच्या मळ्यात भात झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. निम्मंच झालं, पण झालं. सासू जाऊन इतकी वर्षं लोटल्यावर सून तिला पत्र लिहीत बसली आहे हे कळलं, तर वाडीला वर्षभराची करमणूक होईल. म्हणून हे वर काजूत गेले आहेत तेवढ्यात लिहून घेते.

मी तुमच्या घरात आले तेव्हा मला गवत आणि भात यांतला फरक कळत नव्हता. अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेली मी. वडील प्रकल्पावर नोकरीला, दारात दोन गुलाब आणि एक तुळस, एवढीच आमची शेती. लग्न झालं, हे मुंबईला कामावर परतले आणि घरात उरलो तुम्ही आणि मी. तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून तसंच दिसतं. चुलीच्या वर, धुरात, पेंढ्यात बी भरून सुंभानं आवळलेल्या मुड्या टांगलेल्या आहेत. मोठ्या दोन शेजारी शेजारी आणि एक लहान, जरा लांब, एकटीच. मी भाकऱ्या थापते आहे, म्हणजे थापायचा प्रयत्न करते आहे, आणि तुम्ही माझ्या भाकरीकडे बघून न बघितल्यासारखं करता आहात. मी विचारलं, ती लहान कसली? तुम्ही म्हणालात, "ती रुसव्याची. तिला हात लावायचा नाय." मी मान डोलावली. रुसवा म्हटल्यावर मला एकच रुसवा माहीत होता, लग्नातला जावयाचा. मला वाटलं, तुमच्याकडे जावई रुसला की त्याला भात देऊन समजवायची रीत असणार. दर गावाची रीत निराळी.

आणि शिमग्याला जावई रुसलेच. पालखी अंगणात आली, सगळ्यांनी खांद्यावर घेऊन नाचवली, आणि वन्संच्या यजमानांचा नंबर काही लागला नाही. ते ताटावरून उठून तडक रस्त्याला लागले. तुम्ही पालखीपुढे ओटी घेऊन उभ्या होतात, तुम्हाला कुठून विचारणार? घरची नवी सून म्हणून मी पुढाकार घेतला. मुडी खाली काढली, धावत जाऊन एस.टी.च्या थांब्यावर जावयांच्या हातात दिली आणि वर पदर डोक्यावर घेऊन नमस्कारही केला. ते इतके चकित झाले की रुसायचंच विसरले. रात्री तुम्ही वर पाहिलंत. "मुडी कुठं गेली गो?" तुम्ही विचारलंत, आणि मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. "जावयाला दिलंस?" तुम्ही म्हणालात. "अगो, जावई रुसला तर वर्षभर तोंड फुगवील. पाऊस रुसला तर पोरं काय खातील?" दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिली गाडी पकडून मुलीच्या सासरी गेलात आणि दिलेली भेट परत मागून मांडीवर घेऊन आलात. जावई दुप्पट रुसले. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर मात्र चुलीपुढे बसून तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला, आणि मला पहिल्यांदा या घरात बरं वाटलं.

मग तुम्ही मला समजावलंत. पेरलेला तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपं, कधी करपतो, कधी कुजतो. रोपं गेली तर लावायचं काय? म्हणून थोडं बी मागे ठेवायचं, आणि तेही उशिरा पिकणारं गरवं नाही, हळवं, लवकर तयार होणारं. कारण ते पेरायची वेळ येते तेव्हा निम्मा हंगाम निघून गेलेला असतो. पाऊस नीट लागला तर त्या बियाची श्रावणात पेज करून खायची. आपल्या वाडीत बाकी कुणी असं बी राखत नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, हिच्या तोंडून अवलक्षणच निघायचं. तुम्ही म्हणायच्यात, "पावसाला आपलं घर कुठं दिसतंय? आपल्याला पाऊस दिसतोय, मग बघायचं कोणी?"

मी तुम्हाला ते बी वापरताना एकदाच पाहिलं. त्या वर्षी तरव्यातलं आवण, सगळी रोपं, पिवळं पडून गेलं होतं आणि बायका डोक्याला हात लावून बांधावर बसल्या होत्या. तुम्ही बी भिजवलंत, गोणपाटात बांधून वर दगड ठेवलात, मोड आणलेत. आणि आता तुम्ही गुडघाभर चिखलात उभ्या आहात, कमरेला टोपली, आणि ते मोड आलेलं भात मुठीमुठीनं चिखलावर फेकता आहात. लावणी नाही, वाकणं नाही, ओळ नाही. आपल्याकडे ही आळशाची शेती. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "कोंबड्यांना दाणे घालतेस काय?" तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "रुसलेल्यापुढं ताठून चालत नाय. आपण चार पावलं जायचं नि जेवायला बसवायचं." तेव्हा मला तुमचा एवढा अभिमान वाटला, की मीही चिखलात उतरले आणि लगेच पडले.

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं काही नाही. कातळात माड लावून त्याला किती उन्हाळे माझ्याकडून पाणी घालून घेतलंत, तो शेवटपर्यंत माझ्या कमरेएवढाच राहिला. शेतीखात्याच्या माणसानं आणलेलं बी तुम्ही त्याच्यादेखत कोंबड्यांना घातलंत, आणि तेच भात पुढे शेजाऱ्यांकडे चांगलं निघालं. पण एक गोष्ट तुम्ही कधी केली नाहीत. एकाच पिकावर भरवसा. खाली गरवं, मधे हळवं, डोंगराच्या उताराला नाचणी, भात निघालं की ओलीवर कुळीथ. सगळं जाईल असं वर्ष तुमच्या हयातीत आलं नाही. आता येतील की काय अशी भीती वाटते. मोहोर अवेळी येतो, थंडी पडत नाही, आणि पावसानं तर पंचांगाशी उभा दावा मांडला आहे.

हे मुंबईची नोकरी संपवून परत आले तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. खालचा मळा सोडून द्यावा. वाडीतले निम्मे मळे असेच ओस पडलेत. बांध एकदा फुटला की दुसऱ्या वर्षी माती धुपते, तिसऱ्या वर्षी झुडपं वाढतात, मग तिथे शेत होतं हे सांगावं लागतं. गेल्या वर्षी भात कापणीला आलेलं असताना पाण्यात बसलं आणि उभ्या लोंब्यांना मोड आले, तेव्हा आमचा तह झाला. आणखी एक वर्ष. यंदा पीक गेलं तर मळा सोडायचा. मी हो म्हटलं.

आणि यंदा मे महिन्यातच धो धो लागला. पालापाचोळा जाळून तरव्याची जमीन भाजायलासुद्धा उसंत दिली नाही. घाईनं पेरलं, रोपं वीतभर झाली, आणि पाऊस जो गेला तो गेलाच. खाली कातळ तापलेला, रोपं करपून गेली. परत आला तेव्हा वाडीत कुणाकडे लावायला काडी नव्हती. हे बांधावर उभे राहून म्हणाले, "झालं मग." त्यांचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता, तेवढं मी ऐकलं. मी घरात गेले आणि रुसव्याची मुडी खाली काढली. इतकी वर्षं मी ती न चुकता बांधत आले आहे, हे त्याला आईची देवपूजा म्हणतात. यंदा मात्र तेच उठले. पॉवर टिलर आणला, चिखल केला आणि बाजूला झाले. मी मोड आणलेलं बी फेकलं. दोन दिवसांनी कोंब दिसले तेव्हा मला रडू आलं, तिथेच, चिखलाच्या हातांनी.

ऑक्टोबरात पाऊस परत झोडपून गेला. वरच्या वाडीत ज्यांचं थोडंफार वाचलं होतं ते पिकलेलं भात आडवं झालं. आपलं उशिराचं, अजून हिरवं, म्हणून उभं राहिलं. यात माझी हुशारी काही नाही, तुमचीही नसावी, नशीब म्हणा. काही लोंब्या पोचट निघाल्या. मळणी झाल्यावर यांनी सूप हातात घेऊन बराच वेळ दाणे बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी हाका मारते तर हे घरात नाहीत. शोधत गेले तर खालच्या मळ्यात, फुटलेल्या बांधाला दगड लावत होते.  मी चहा बांधावर ठेवला आणि दगड द्यायला बसले.

वाडीत आता म्हणतात, सासूच्या शब्दासाठी हिनं मळा राखला. तुम्हालाही तसंच वाटत असेल, म्हणून खरं काय ते लिहिते. मला हे आवडतं, आई. चिखलात उभं राहायला आवडतं, कोंब बघायला आवडतं, कॉलनीतल्या मुलीला. तुम्ही होतात तोवर हे कबूल करायची सोय नव्हती, तुम्ही म्हणाला असतात, आवडतंय ना, मग डोंगराकडचा तुकडाही घे लावायला.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती. मुंबईची पत्रं मीच वाचून दाखवायचे, आणि ह्यांनी स्वतःच्या तब्येतीची काही तक्रार लिहिली असली तर ती गाळायचे. तुम्ही असतात, तर हेही पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि आवडतं म्हणून लिहिलंय ना, तेवढं गाळलं असतं.