व्हर्डेलचं गाणं रेडिओवर लागलं

मेकन, जॉर्जिया
१२ मे १९६४

लाडक्या व्हर्डेलला दादाचे खूप खूप आशीर्वाद.

मी मजेत आहे. जेवण होतं, निदान दिवसातून एकदा तरी. आईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या गाण्याच्या तबकड्या गाडीच्या डिकीत उन्हानं वाकतात, म्हणून माझं पांघरूण त्यांच्यावर घातलंय.

आज सातव्या रेडिओ स्टेशनवर गेलो. आधीच्या सहांचं भेटल्यावर सांगेन. इथला गाणी लावणारा थॅडियस म्हणाला, "हा तबकड्यांचा ढीग बघितलास? प्रत्येकाची बहीण गातेच!"

मी म्हणालो, "ही तबकडी एकदाच लावा. नाही आवडली तर माझ्यासमोर मोडून टाका."

त्यानं लावली. गाणं संपायच्या आत फोन वाजला. कुणी बाई विचारत होती, "ही पोरगी कोण हो? पुन्हा लावा की!" त्यानं पुन्हा लावली, आणि मी बाहेर जाऊन गाडीला टेकून रडलो. हे आईला सांगू नकोस.

शनिवारी इथल्या शाळेत नाचाचा कार्यक्रम आहे. थॅडियसनं तुला गायला बोलावलंय. लाँड्रीतून सुट्टी घे आणि बस पकड. "स्टेजवर घाबरते का?" असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "छे, ती आणि घाबरेल?" आता मला खोटं पाडू नकोस.

बसस्टँडवर तुझी वाट बघणारा,
ल्युशियस