एकाच नंबरावरचं गाव

अब्बा, तुमचा फोनचा बूथ होता त्याच खोलीत मी आता नेटचा धंदा करते. खांबाखांबावरनं वायर ओढून शेळगावात घरोघरी इंटरनेट देते. चौथी शिकलेली बाई हे काय करणार, असं लोक म्हणाले होते. आता लाइन गेली की तेच माझ्या दारात उभे असतात.

यंदा नवीन काम निघालं. बारामतीच्या कंपनीचा माणूस सांगायला आला की इंटरनेटचे जुने पत्ते संपले, म्हणून अख्ख्या गावाला मिळून एकच पत्ता दिलाय. बाहेरनं येईल ते त्या एका पत्त्यावर येतं, मग आपलं मशीन ठरवतं कुणाच्या घरी धाडायचं. एकानं काही वंगाळ केलं की बंदी सगळ्या गावाला. आता नवे पत्ते आलेत, ते इतके की घराघराला, विहिरीवरच्या मोटारीमोटारीला वेगळा देता येतो. फक्त लोकांना घरातलं मशीन बदलायला तयार करायचं. तो कागदावर चित्रं काढायला लागला तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, कळलं. मी बूथमध्ये वाढलेली. अख्ख्या गावाचा एकच नंबर असला की काय होतं, ते मला चित्र काढून दाखवायला नको.

घरोघर फिरले. खालच्या वस्तीवरचे आबा म्हणाले, "मोटारीलाबी पत्ता? मग पाटबंधारेवाले सरळ मोटारीवरच येत्याल." मी म्हटलं, "ते आत्ताबी येत्यात आबा. तुमी पळता म्हणून गावत न्हाय." हसले आणि मशीन बदलून घेतलं. असं करत सगळं गाव झालं. एक घर अडलं. वरच्या आळीच्या काकू. त्यांच्या नवऱ्याची बातमी तुम्ही दुसऱ्या दारात नेली होती, त्या.

तो दिवस अजून माझ्यासमोर चालू असतो. मी बाकड्यावर बसलेय. सकाळीच फोन वाजतो. तुम्ही ऐकता, चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही. उसाच्या ट्रकचा अपघात, आपल्या गावचा माणूस गेला. पलीकडच्यानं नाव सांगितलंय, पण त्या नावाआडनावाचे गावात दोघं आहेत आणि दोघंही उसाच्या ट्रकवर. तुम्हाला जवळचाच आठवतो. असली बातमी पोराच्या हाती धाडायची नसते म्हणून टोपी घालून तुम्ही स्वतः जाता. त्याची बायको उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडते. माणसं बारामतीला जायला जीप बघतायत तेवढ्यात दुपारची एसटी येते आणि तिचा नवरा कलिंगड घेऊन उतरतो. मग तुम्ही वरच्या आळीला निघता. त्या चालण्याकडं मला बघवलं नव्हतं.

त्यानंतर फोन वाजला की तुम्ही दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. फोन वाजून वाजून थांबायचा. पुढं बूथ बंद केलात. काकू पुन्हा कधी तुमच्याशी बोलल्या नाहीत. त्या तुम्हाला शिव्याशाप देतात, असंच तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात.

काकूंचा मुलगा आता पुण्यात ट्रक चालवतो. काकू फोन उचलत नाहीत म्हणून त्यानं अंगणात कॅमेरा बसवलाय, पण जुन्या पत्त्यामुळं चित्र सारखं तुटतं. नवा दिला की त्याला आई थेट दिसेल. मी तडक गेले आणि म्हटलं, काकू, पाच मिनिटांचं काम आहे, उगं अडून बसू नका. फोन कुठं आहे विचारलं तर म्हणाल्या, पिठाच्या डब्यात.

"माझ्या घराला पत्ता नको. येणाऱ्या बातमीला जरा हुडकत बसू दे."

मी मशीन परत पिशवीत घातलं. मग त्याच बोलल्या. "त्या दिवशी मीच तिच्या पाठीवरनं हात फिरवत हुते. मनात म्हणत हुते, बरं झालं, माझा न्हाय. घरी येऊन आमच्या ह्यांच्या वाटणीच्या भाकरी थापल्या. माणूस गेल्यावरबी अर्धा दिवस मी सवाष्ण हुते, ते तुझ्या अब्बांमुळं. हे मी कुणाला सांगायचं हुतं? त्यांना सांगायला तोंड झालं न्हाय."

अब्बा, हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं. तुम्ही हात मांडीखाली दाबून बसायचा तेव्हा कळायला पाहिजे होतं. आता मी लिहितेय खरी, पण हा कागद चुलीत जाणार.

काकूंच्या मुलाला मी सांगितलं की तुमच्या आळीला अजून नवा पत्ता आला नाही, वेळ लागेल. खोटं आहे. लाइन तयार आहे. अब्बा, तुमची चूक झाली होती, मी समजून उमजून करतेय. उद्या काकू अंगणात पडल्या तर त्याला दिसणार नाही, आणि ते माझ्यावर येईल. म्हणून रोज सकाळी त्यांच्या आळीतनं गाडी घालते. दार उघडं दिसलं की पुढं जाते. निदान लोकांना तसं सांगते. खरं म्हणजे कधीकधी दार बंद दिसेल या भीतीनं मी तिकडं न बघताच जाते.