तळाशी तोटी असलेला डबा

प्रिय लिनेया,

फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलतेस, म्हणून हे पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण शेवटपर्यंत वाच. आधी बातमी: तुझी निळी गाडी चालू झाली. नुसती चालू नाही, काल थंडी उणे बावीस असताना पहिल्या झटक्यात उठली. इंजिन मी एकट्याने उतरवलं, एकट्याने बांधलं. कंबर कामातून गेली, ते सोड.

दोन हिवाळे तू गोठलेल्या तळ्यावर गाड्यांच्या शर्यतीला आली नाहीस. हेल्मेट चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकलंस. ‘माझ्या हातात इंजिन टिकत नाही’ असं तू डोरीनला म्हणालीस, तिने ते मला सांगितलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. हे वाक्य तुला परत घ्यायला लावायचं आणि जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तुला पुन्हा बर्फावर गाडी फिरवताना बघायचं. यंदा तळं लवकर गोठलंय. मासे धरणाऱ्यांच्या खोपट्या नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर लगेच उभ्या राहिल्या.

गाडी तयार झाली तरी एक गोष्ट राहिली होती, ती म्हणजे कॅच कॅन, तेल धरणारा डबा. टर्बो इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ निघते, नळी ती पुन्हा इंजिनालाच पाजते आणि आत सगळं चिकट होतं. मध्ये डबा बसवला की तेल त्यात साचतं. एवढ्याशा डब्यासाठी मी तीन आठवडे घालवले. डोरीनच्या सुट्या भागांच्या दुकानात मी एक चकचकीत, जांभळट रंगाचा हातात घेतला, तर ती काउंटरमागून म्हणाली, “वेन, गाडीत लावायचाय की नाताळच्या झाडाला? उघडून बघ की!” उघडला. आत काही नाही, नुसतं रिकामं भांडं. वाफ एका नळीने येणार आणि टाटा करून दुसऱ्या नळीने जाणार.

दुसरा होता वाफ सरळ बाहेर सोडणारा. तो मी हातातही घेतला नाही. गाडीत वास कोंडतो, वर त्यातून बर्फावर तेल ठिबकलं तर आपले शर्यतीचे मंडळवाले पहिल्या फेरीतच बाहेर काढतात, आणि बरोबर करतात. त्याच पाण्यातला मासा आपण खातो. शेवटी एक काळा, ओबडधोबड डबा घेतला. आत आडवे पडदे, त्यांच्यामध्ये बारीक जाळी, म्हणजे वाफेला आपटत आपटत जावं लागतं आणि तेल खाली उतरतं. तळाशी हातमोजा न काढता फिरवता येईल अशी मोठी तोटी. डोरीन म्हणाली, “दिसायला अगदी तुझ्यासारखा आहे.” मी तिच्या दुकानातली त्या सकाळची चौथी कॉफी ओतून घेतली.

तो पुढे बंपरमागे लावलेला नाही. मागे, इंजिनाच्या उबेत बसवलाय. नळ्या जाड आहेत, वरून उबदार वेष्टण गुंडाळलंय. आपल्याकडच्या थंडीत डब्यात तेलापेक्षा पाणीच जास्त साचतं, दूध घातलेल्या कॉफीसारखं. ते गोठलं की नळी बंद. मग इंजिनाच्या पोटातला दाब सील फोडून बाहेर पडतो आणि त्याच वाटेने सगळं तेल जातं. म्हणून हिवाळ्यात दर टाकीला, पेट्रोल भरलं की डबा रिकामा करायचा. हे मी तुला आत्ता सांगतोय. तुझ्या गाडीला मी पहिला डबा बसवला तेव्हा तू विचारलं होतंस, “बाबा, हा रिकामा कसा करायचा? याला तोटीच नाही.” आणि मी म्हणालो होतो, “त्याला काही करावं लागत नाही. तू फक्त चालव.”

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शेवटच्या शर्यतीला जाताना इंजिन गेलं, तुझी गाडी रस्त्यात बसली आणि टोचन करून अंगणात आणली, तेव्हा तू आत कोट काढत होतीस. मी बॉनेट उघडलं. मी बसवलेला तो पहिला, चकचकीत डबा बंपरमागे दगडासारखा गोठला होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी तो काढला, आपल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, लाकडांमागे लपवला आणि आत येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, “पोरीचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड आहे, दुसरं काय.” त्यानंतर दर शनिवारी सौना पेटवायला लाकूड काढायला गेलो की तो डबा माझ्याकडे बघायचा, आणि मी वर आणखी लाकडं रचायचो. तुझ्या हातात काही खोट नव्हती, लिनेया. खोट माझ्यात होती, आधी डब्यात आणि मग जिभेत. मला लाज वाटते. काल सकाळी तो डबा मी डोरीनकडच्या कॉफीच्या टेबलावर आर्नी आणि बाकी म्हाताऱ्यांच्या मधोमध ठेवला आणि म्हणालो, “हा बघा जड पाय. माझा होता.” कोणी हसलं नाही. आर्नीने तो उलटा करून बघितला आणि एवढंच विचारलं, “पोरीला सांगितलंस?” तो डबा या पत्राबरोबर खोक्यात पाठवतोय, त्याच्याखाली तुझं हेल्मेट आहे. ज्याने विकत घेतलं होतं त्याला शोधून परत आणलं. दुसऱ्या शनिवारी गाडी तळ्यावर आणून उभी करतो. चावी आत असेल. मी लांब थांबेन, बोलावलंस तर डबा रिकामा करायला येईन.

तुझाच, उशिरा खरं बोलणारा,
बाबा